सतरा वर्षं, वीस कसोट्या: जुन्या महिला क्रिकेटपटूची कारकीर्द वाचायची कशी?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. नाशिकमध्ये आमच्या कॉलनीत त्या मध्यरात्री दिवाळीचे उरलेसुरले फटाके बाहेर निघाले. मी मात्र टीव्हीसमोरून हलले नाही. कर्णधार हरमनप्रीत आणि तिच्या संघातल्या मुलींनी तो चषक मैदानात उभ्या असलेल्या जुन्या खेळाडूंच्या हातात दिला होता. मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा. झूलनला रडू आवरत नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फेऱ्या मारत होते. (कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं.) सरावाला आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी मला थांबवलं. मी शाळेत गणित शिकवायचे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर डायना एडलजींची, म्हणजे भारताच्या जुन्या कर्णधार आणि फिरकी गोलंदाज, यांची माहिती उघडलेली होती. पदार्पण १९७६, शेवटचा सामना १९९३. कसोट्या २०, एकदिवसीय सामने ३४.

"मॅडम, सतरा वर्षांत चोपन्न मॅच? आमची ही एका वर्षात याच्याहून जास्त खेळते. मग यांचं एवढं नाव कशासाठी?"

प्रश्न मनापासून विचारलेला होता. चषक जिंकल्यावर जुन्या खेळाडूंची नावं पहिल्यांदाच ऐकणाऱ्या कितीतरी घरांत तो पडला असणार. ट्रॅकवर उभ्या उभ्या मी जे उत्तर दिलं, ते मलाच अपुरं वाटलं. म्हणून आता नीट बसून लिहिते आहे.

## आधी अंश आणि छेद

पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारायचे. एका मुलाला २० गुण मिळाले, तो हुशार की ढ? अर्धा वर्ग ओरडायचा, "ढ!" मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारायचं, "बाई, पेपर किती मार्कांचा होता?" तो प्रश्न आला की माझा निम्मा धडा झालेला असायचा. वरची संख्या म्हणजे अंश, खालची म्हणजे छेद. छेद माहीत नसेल तर नुसत्या अंशावरून काही ठरवता येत नाही.

खेळाडूच्या माहितीच्या पानावर फक्त अंश छापलेला असतो. कसोट्या २०. त्या काळात एकूण किती कसोट्या झाल्या, हे तिथे लिहिलेलं नसतं. मग ते आपणच शोधायचं. भारताचा महिला संघ १९७६ मध्ये पहिली अधिकृत कसोटी खेळला. तेव्हापासून एडलजींच्या शेवटच्या कसोटीपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, भारताच्या वाट्याला एकूण २१ कसोट्या आल्या. वेस्ट इंडीजविरुद्ध घरच्या मैदानांवर सहा. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये एक आणि ऑस्ट्रेलियात एक. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथे आला तेव्हा चार, १९८५ मध्ये न्यूझीलंडचा आला तेव्हा तीन. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये तीन, १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन.

एकवीसपैकी वीस.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या आडगावात दिवसाला एकच एसटी येते, ती चुकली की त्या दिवशीचा बाजार चुकला. अशा गावातल्या बाईने महिन्याच्या तीस गाड्यांपैकी एकोणतीस पकडल्या, तर तिला आळशी कोण म्हणेल? आणि नाशिकरोडला राहणारा माणूस त्याच महिन्यात शंभर वेळा सिटी बसमध्ये चढला, म्हणून तो तिच्याहून कष्टाळू ठरत नाही. त्याच्या दारासमोरून दर वीस मिनिटांनी बस जाते, एवढाच त्याचा अर्थ.

## मधली वर्षं कुठे गेली?

या २१ कसोट्या पंधरा वर्षांत सारख्या विखुरलेल्या असत्या, तरी एक वेळ चाललं असतं. तशा त्या नव्हत्या. जानेवारी १९७७ मध्ये भारतीय संघ पर्थला कसोटी खेळला. पुढची कसोटी थेट जानेवारी १९८४ मध्ये. मध्ये सात वर्षं एकही नाही.

एडलजींचा जन्म २६ जानेवारी १९५६ चा. म्हणजे एकविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत त्यांना कसोटीचं मैदान दिसलं नाही. फिरकी गोलंदाजाचा हात याच वर्षांत पक्का होतो. कुठल्या फलंदाजाला कुठे चेंडू टाकायचा, हे याच वर्षांत कळायला लागतं. या काळात १९७८ आणि १९८२ असे दोन विश्वचषक झाले, तेवढेच त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने. एकदिवसीय सामन्यांतही असाच खड्डा आहे. १९८६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर भारताचा पुढचा एकदिवसीय सामना १९९३ च्या विश्वचषकात. १९८८ च्या विश्वचषकाला आपला संघ गेलाच नाही.

नाशिककरांना हे सिंहस्थावरून चटकन कळेल. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २००३ ला आला, मग २०१५ ला. त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या वृद्ध पुरोहितांनी आयुष्यात पाच सिंहस्थ पाहिले असतील, तर "पाचच?" असं आपण म्हणत नाही. उलट हात जोडतो. कारण दोन सिंहस्थांमध्ये किती काळ जातो, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. जुन्या महिला क्रिकेटपटूच्या दोन मालिकांमध्ये किती काळ जायचा, ते मात्र आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे फक्त एडलजींच्या वाट्याला आलं असंही नाही. शांता रंगास्वामी पहिल्या कसोटीत भारताच्या कर्णधार होत्या. भारतीय महिलेचं पहिलं कसोटी शतक त्यांचंच, १९७७ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला काढलेलं. त्यांच्या नावावर १६ कसोट्या आहेत. पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांच्या १९. इंदूरच्या संध्या अगरवाल यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये १९० धावा काढल्या, तो त्या वेळचा विश्वविक्रम होता, आणि कसोटीत त्यांची सरासरी पन्नासच्या वर आहे. खेळल्या फक्त १३. फार पुढच्या काळातल्या मिताली राज १९९९ ते २०२२ अशी तेवीस वर्षं भारताकडून खेळल्या. एकदिवसीय सामने २३२. कसोट्या किती? १२. झूलन गोस्वामी यांच्याही १२ च.

## एका वाड्यात दोन चुली

सामने इतके कमी का, हे कळायला आधी एक गोष्ट माहीत हवी. महिला क्रिकेट आज बीसीसीआय चालवतं, पण २००६ पर्यंत ते बीसीसीआयच्या हातात नव्हतंच. जुन्या वाड्यात दोन भाऊ वेगळे निघाल्यावर दोन चुली पेटायच्या, तसं चित्र होतं. वाडा एक, आडनाव एक. पण एका चुलीवर पुरणपोळी शिजायची आणि दुसरीवर पिठलं.

ही दुसरी चूल म्हणजे भारतीय महिला क्रिकेट संघटना. स्थापना १९७३. त्याच वर्षी मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली आणि तिच्यात फक्त तीन संघ होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. जागतिक पातळीवरही महिला क्रिकेटची परिषद वेगळी होती, पुरुषांची वेगळी. एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडला झाला. पुरुषांचा पहिला झाला १९७५ मध्ये. कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर चषक उचलला, त्याच्या दहा वर्षं आधी बायका विश्वचषक खेळत होत्या.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ भारतात आला आणि तीन सामने खेळून गेला. ते सामने अधिकृत नव्हते, त्यामुळे त्या मुलींच्या आकडेवारीत ते धरले जात नाहीत. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजचा संघ आला. ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळूरमध्ये पहिली अधिकृत कसोटी सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये पाटण्याच्या मोइन-उल-हक स्टेडियमवर भारताने आपली पहिली कसोटी जिंकली. १९७८ मध्ये विश्वचषक भारतात भरला आणि एडलजी कर्णधार होत्या.

संघटनेकडे उत्साह खूप होता, पैसा नव्हता. परदेशी संघ बोलवायचा तर विमानाची तिकिटं, राहण्याची सोय, मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, सगळ्याची जुळवाजुळव देणग्या गोळा करून. दौऱ्यावर जायचं तरी तेच. म्हणून एखादी मालिका झाली की दुसरीसाठी पैसे जमेपर्यंत वर्षं निघून जायची. त्या काळातल्या खेळाडू सांगतात, की रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात आरक्षणाशिवाय प्रवास व्हायचा, शाळेच्या वर्गांत किंवा मोठ्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपायचं, आणि एकच बॅट दोघी-तिघींमध्ये फिरायची. मी स्वतः कॉलेजात असताना आमच्याकडे अकरा मुली जमवणं हेच मोठं काम होतं. पॅडची एक जोडी होती. धावचीत झालेली मुलगी परत येईपर्यंत पुढची पॅडशिवाय सीमेवर उभी राहायची. आमचं खेळणं अगदी किरकोळ होतं, पण त्यामुळे या बायकांच्या गोष्टी मला ऐकीव वाटत नाहीत.

## पोट कशावर?

आज स्मृती मानधनाची जाहिरात दिसते. त्या वेळी क्रिकेटमधून घर चालत नसे. मग सतरा वर्षं खेळायचं कशाच्या आधारावर? याचं उत्तर नोकरी.

एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या, शांता रंगास्वामी कॅनरा बँकेत. खेळाडूंसाठी राखीव ठेवलेल्या नोकऱ्या म्हणजे क्रीडा कोटा. पगार सुरू, सरावाला आणि स्पर्धांना सुट्टी, आणि खेळ सुटल्यावरही नोकरी कायम. रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना घेतलं आणि रेल्वेचा महिला संघ उभा राहिला. त्यामागे एडलजींचा मोठा वाटा होता. पुढे अनेक वर्षं देशांतर्गत स्पर्धा बहुतेक रेल्वेच जिंकत आली. कारण अगदी साधं आहे. इतर संघांतल्या मुली महिनाअखेरची चिंता घेऊन खेळायच्या. रेल्वेच्या मुलींना पहिल्या तारखेला पगार मिळायचा.

माझ्या मते एडलजींच्या कारकिर्दीतला हा भाग त्यांच्या बळींइतकाच मोठा आहे. विकेट तुमच्या एकट्याच्या नावावर लागते. नोकरीचं दार उघडलं की ते मागून येणाऱ्या दहा जणींसाठीही उघडं राहतं. मिताली राज रेल्वेच्या, हरमनप्रीतही रेल्वेकडून खेळली. पण खेळाडूच्या माहितीच्या पानावर यासाठी रकानाच नाही.

मैदान सोडल्यावरही एडलजी क्रिकेटपासून दूर गेल्या नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीसीसीआयचा कारभार पाहण्यासाठी प्रशासकांची समिती नेमली, तिच्यात त्या होत्या. अर्जुन पुरस्कार १९८३ मध्ये, पद्मश्री २००२ मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने, म्हणजे जागतिक क्रिकेट परिषदेने, त्यांना हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

## "पण बायकांचं क्रिकेट सोपं होतं ना?"

हा प्रश्न त्या वडिलांनी विचारला नव्हता, पण पुष्कळांच्या मनात असतो. तेव्हा तोही सोडवू.

काही गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत. बायकांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. सीमारेषा थोडी जवळ असते, मध्यापासून ६० ते ७० यार्डांवर. खेळपट्टी मात्र तीच २२ यार्डांची, स्टंपही तेवढेच उंच. फरक आहे, पण तो दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना सारखाच लागू होतो. सीमा जवळ असेल तर फलंदाजाला चौकार सोपा आणि गोलंदाजाला धावा रोखणं अवघड. म्हणून बायकांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशेजारी ठेवून वजन करू नये. त्याच काळातल्या, त्याच मैदानांवर खेळलेल्या इतर बायकांच्या शेजारी ठेवावेत. कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाला आपण शंभर किलोवाल्याशी लढवत नाही, आणि तरीही त्याचं पदक पदकच असतं.

समोरचे संघ कच्चे होते, असं कुणी म्हणेल. १९७६ ते १९९१ या काळातल्या सगळ्या २१ कसोट्या चारच देशांविरुद्ध झाल्या: वेस्ट इंडीज, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड म्हणजे तेव्हाचे जगातले सगळ्यात तयार संघ. मध्ये एखादी हलकी मालिका मिळून आकडे फुगावेत, अशी सोयच नव्हती. त्यातून एडलजींनी डावखुऱ्या फिरकीवर कसोटीत ६३ आणि एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी घेतले. कसोटीमागे तीनाहून थोडे जास्त. त्यातही एका मालिकेनंतर पुढच्या मालिकेची वाट वर्षानुवर्षं पाहायची, आणि पहिल्या षटकापासून टप्पा सापडलेला हवा. आठवडाभर रियाज चुकला तर गवयाचा आवाज लागत नाही. इथे प्रत्यक्ष मैफलच सात वर्षांनी.

इथे गणिताची बाई म्हणून एक सावधगिरीची सूचना देते. "२० कसोट्यांत ६३, म्हणजे ६० कसोट्यांत १८९" असं त्रैराशिक मांडू नका. जास्त सामने म्हणजे जास्त अनुभव. पण जास्त दुखापती, जास्त थकवा आणि चुका शोधून काढणारे प्रतिस्पर्धीही त्यासोबत येतात. जे सामने झालेच नाहीत, त्यांतले बळी कुणाच्या खात्यात टाकता येत नाहीत. न झालेल्या सामन्यांचा दोष मात्र खेळाडूच्या खात्यात टाकायचा नाही, एवढं नक्की.

## "बघायला कुणी येतच नव्हतं, मग सामने कोण भरवणार?"

हा युक्तिवाद व्यवहाराचा आहे म्हणून तो लोकांना पटतो. पण १९७६ च्या पाटण्याच्या कसोटीला मैदान गर्दीने भरलं होतं. ८ मार्च २०२० ला मेलबर्नला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा ८६,१७४ लोक आले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पाच संघांसाठी ४,६६९.९९ कोटींची बोली लागली. लासलगावला माल आलाच नाही तर कांद्याला भाव कसा फुटणार? आधी बाजार भरवावा लागतो, मग गिऱ्हाईक किती ते कळतं.

आणि गिऱ्हाईक नाही असं गृहीत धरून दारंच बंद ठेवली, तर काय होतं तेही दिसलं आहे. १९८६ च्या दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये एडलजींना प्रवेश मिळाला नाही. ते मैदान ज्या क्लबचं आहे, त्याने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं १९९८ मध्ये. २०१७ मध्ये तिथेच विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्टेडियम भरलेलं होतं, आणि भारत नऊ धावांनी हरला. त्या रात्री देशभरातल्या कितीतरी मुलींनी बापाकडे बॅट मागितली. गोल्फ क्लबवर मुलींची संख्या वाढलेली मी स्वतः पाहिली ती त्यानंतरच.

## चुली एक झाल्या, मग पुढे?

२००५ मध्ये जागतिक महिला परिषद आयसीसीत मिसळली. २००६ मध्ये भारतातली महिला संघटना बीसीसीआयमध्ये आली, तेव्हा संघटनेच्या सचिव होत्या शुभांगी कुलकर्णी. आता सगळं मार्गी लागेल असं वाटलं होतं. काही गोष्टी लागल्याही. चांगली मैदानं, विमानाचा प्रवास, बऱ्यापैकी हॉटेलं. २००५ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, आणि त्या वेळी सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते, असं मिताली राज यांनीच सांगितलं आहे.

कसोट्यांचं मात्र उलटं झालं. ऑगस्ट २००६ नंतर भारताच्या मुली पुढची कसोटी खेळल्या ऑगस्ट २०१४ मध्ये. आठ वर्षांची खोट! तोवर सगळीकडे टी-ट्वेंटीचे दिवस आले होते आणि बायकांच्या वाट्याच्या मोजक्या तारखा त्यातच जायच्या. २०१४ च्या दोन कसोट्यांनंतर पुन्हा जून २०२१ पर्यंत शांतता. मिताली आणि झूलन यांच्या नावावर बाराच कसोट्या का, ते इथे कळतं.

वार्षिक करार, म्हणजे खेळाडूला मंडळाकडून मिळणारी वर्षाची ठरलेली रक्कम, भारतीय महिलांना पहिल्यांदा मिळाले २०१५ मध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच केलं गेलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. हा निर्णय मोठा होता आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

पण इथेही छेद विसरू नका. दर सारखा झाला म्हणजे कमाई सारखी झाली असं नाही. रोजगार हमीवर दोघांना दिवसाचा दर एकच असला, आणि एकाला शंभर दिवस काम मिळालं, दुसऱ्याला दहा, तर वर्षअखेरीस दोघांच्या घरात सारखं धान्य येत नाही. आपल्या मुली डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकेक कसोटी खेळल्या आणि दोन्ही जिंकल्या. जून २०२४ मध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एक खेळल्या, त्यात ६ बाद ६०३ वर डाव घोषित केला आणि तीही जिंकली. एवढं खेळूनही २०२५ या सबंध वर्षात कसोटी एकही नाही. म्हणून मानधनाची बातमी वाचताना मी आधी वेळापत्रक बघते.

जुन्या खेळाडूंचा प्रश्न आणखी नाजूक आहे. निवृत्तिवेतन, मदत, पुरस्कार, मानाच्या जागा, काहीही ठरवताना "किती सामने खेळलात?" हाच प्रश्न पुढे येतो. ज्या काळात सामनेच होत नव्हते, त्या काळातल्या बाईला हा प्रश्न विचारायचा तर सोबत "झाले किती?" हेही विचारलं पाहिजे. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने माजी आंतरराष्ट्रीय महिला खेळाडूंचं मासिक निवृत्तिवेतन ३०,००० वरून ५२,५०० रुपये केलं, हे चांगलं झालं. पण भारताची टोपी ज्यांना कधी मिळाली नाही, ज्या दहा-दहा वर्षं देशांतर्गत क्रिकेट खेळत राहिल्या, त्यांच्या त्या काळातल्या धावांची नोंदसुद्धा आज सहज सापडत नाही. त्यांच्या बाबतीत तर अंशही गेला आणि छेदही.

## नाशिकच्या मुलीची वाट

त्या वडिलांचा खरा प्रश्न त्यांच्या मुलीबद्दल होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. इतकी धावपळ करून तिच्या हाती काय लागणार, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

महाराष्ट्र राज्यात क्रिकेटचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिकची मुलगी महाराष्ट्राकडून खेळते. म्हणजे आधी जिल्ह्याच्या निवड चाचण्या, मग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या स्पर्धा, त्यातून राज्याचा पंधरा वर्षांखालचा, एकोणीस वर्षांखालचा, मग मोठ्यांचा संघ. ही वाट रुळलेली आहे. सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे याच वाटेने गेली आणि २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटी संघाकडून खेळली. चेंडू सोडताना तिचं अंग ज्या तऱ्हेने वाकतं, ते पाहून त्या वेळी देशभर चर्चा झाली. सिन्नरच्या लोकांना ती आधीच माहीत होती.

एडलजींच्या पिढीला ही वाट नव्हती. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेला अख्ख्या देशातून तीनच संघ जमले होते. आता मुलीला तेराव्या वर्षी कळतं की पुढची पायरी कोणती. भारताच्या मुली एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक २०२३ मध्ये जिंकल्या आणि २०२५ मध्ये पुन्हा जिंकल्या. त्या आपोआप जिंकलेल्या नाहीत, या पायऱ्यांवरूनच वर आल्या आहेत.

तरी सगळं सुरळीत आहे असं मी सांगणार नाही. पायऱ्या आहेत, पण वर जाता जाता जागा फार थोड्या उरतात. अठराव्या वर्षी संघातून नाव गळालं तर पुढे काय, याचं उत्तर आजही एडलजींच्या काळातलंच आहे: शिक्षण आणि नोकरी. म्हणून मुलगी क्रिकेट खेळते तर दहावीचं वर्ष सोडू देऊ नका, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. माझं हे सांगणं काहींना आवडत नाही.

गेल्या रविवारी ते वडील पुन्हा भेटले. मुलगी नेटमध्ये गोलंदाजी करत होती, डावखुरी फिरकी. मी हे एकवीसपैकी वीसचं गणित त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "ती एक कसोटी कुठली चुकली असेल हो?"

तेवढ्यात मुलगी धावत आली. तिच्या बोटांना माती लागली होती. वडिलांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि फोनवरचा एडलजींचा फोटो तिला दाखवला. तिने पाणी पिता पिता फोटोकडे नीट बघितलं.

"बाबा, यांची ग्रिप दिसतेय का बघा ना. झूम करा."